गुड्डनच्या अंगणातलं माझं भाषण

मयताच्या घरी मी एकदा भाषण केलं. सहज तोंडातून चार शब्द निघून गेले, असं नाही. दोन दिवस बसून लिहिलं, पाठ केलं, आरशासमोर हातवारे बसवले, आईचं पांढरं पातळ नेसून गेले आणि केलं. त्या भाषणापायी एका म्हाताऱ्या माणसाचा आधीच मोडलेला हात पुन्हा मोडला, आणि त्याचा जीवही जायचाच राहिला. मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केलेला आहे. त्यातला बराचसा माझ्या नातवंडांना पाठ आहे, कारण जेवताना मीच तो तिखटमीठ लावून सांगते. हा एक मात्र कधी ताटात वाढला नव्हता. आता वय असं झालंय की जिथे लाज वाटायची ती जागाच बोथट झाली आहे, तेव्हा लिहून टाकते.

आधी हे भाषणाचं खूळ कुठून आलं ते सांगायला हवं. लखनौला आलमबागेत आमच्या सरकारी क्वार्टर्सची एक रांग होती आणि त्या रांगेत भंडारा, नागपूर, अकोल्याकडची आठ-दहा बौद्ध घरं. कुणी टेलिफोनात, कुणी रेल्वेत, माझे बाबा टपाल खात्यात. गावाकडे कुणाचं माणूस गेलं की सगळ्यांना काही गाडी पकडून जाता यायचं नाही. रजा नसे, रिझर्वेशन नसे, तार हातात पडेपर्यंत तिकडे सगळं उरकून गेलेलं असे. मग रविवारी त्या घरच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरायची, मेणबत्ती लावायची, त्रिशरण-पंचशील म्हणायचं आणि मग 'भावना व्यक्त' करायच्या. हाच कार्यक्रमाचा मुख्य भाग. मेश्राम काका घड्याळ समोर ठेवून एकेक नाव पुकारत, आणि नियम असा की प्रत्येक वक्त्याने दिवंगताची निदान एक आठवण सांगायचीच. ज्यांनी त्या माणसाला उभ्या जन्मात पाहिलेलं नसे तेही आठवण सांगत. मी बाराव्या वर्षी पहिल्यांदा बोलले आणि माझ्या लक्षात आलं की आपल्याला हे येतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कोणत्या वाक्याला बायकांचे पदर डोळ्यांकडे जातात, सगळं येतं. पवनीच्या एका आजोबांना मी दीड वर्षाची असताना पाहिलं होतं. त्यांच्यावर मी सात मिनिटं बोलले आणि त्यांच्या सख्ख्या मुलाला उचक्या लागल्या. मेश्राम काका म्हणाले, "पोरीच्या जिभेवर वजन आहे." आई चहाचे कप विसळत होती, ती म्हणाली, "लोक समजूत घालाले जातात, माही पोट्टी रडवाले जाते." मला ती तारीफच वाटली.

आई अशीच बोलायची, आणि बोलता बोलता हात थांबवायची नाही. गावाकडून कुणी आलं की ज्वारीच्या पिठाचा डबा यायचा, तो पुरवून पुरवून वापरायचा, म्हणून भाकरी फक्त रविवारी. एरवी गव्हाची पोळी, वांग्याची रस्साभाजी, लाखोळीचं वरण आणि तोंडी लावायला उन्हात वाळवलेले सांडगे. मागे रेल्वेचं यार्ड होतं. दिवसभर डबे एकमेकांवर आपटल्याचे आवाज येत. नवीन माणूस दचकायचा, आम्हाला ते घड्याळाच्या टिकटिकीसारखे. यार्डाच्या अलीकडे कॉलनीची भिंत, भिंतीला एक भगदाड, आणि भगदाडातून वाकून पलीकडे गेलं की गुड्डनचं घर.

गुड्डनचं खरं नाव सरला, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत. तिचे वडील मलिहाबादकडच्या आंब्याच्या बागा मोहरावरच ठेक्याने घेत. सगळी गल्ली त्यांना ठेकेदार म्हणे, मी चाचा म्हणे. त्यांचे धाकटे भाऊ बब्बन चाचा, अंगाने दाराएवढे, आणि जिभेआधी हात उचलणारे. चाची, म्हणजे गुड्डनची आई, सदा चुलीपाशी. दादी अंगणातल्या खाटेवर. आणि रज्जन, गुड्डनचा भाऊ, आमच्याहून दोन वर्षांनी मोठा, ओठावर उगवलेल्या आठ केसांना दिवसातून चारदा कंगवा फिरवणारा. उन्हाळ्यात त्या घराला एकच वास असे, दशहरी आंब्याचा. अंगणाच्या टोकाला अढीची खोली होती. तिथे पेंढ्यात दडपलेल्या आंब्यांचे थर, दार उघडलं की आतून भट्टीसारखी गोड ऊब तोंडावर यायची. आम्ही दोघी इंटरची, म्हणजे बारावीची, परीक्षा देऊन मोकळ्या झालो होतो आणि सबंध दुपार त्या दाराशी बसून आंबे चोखायचो, कोयी भिंतीवर फेकून कुणाची जास्त वेळ चिकटते ते पाहायचो.

त्या घरात मला पाणी काचेच्या गिलासातून मिळे. बाकी सगळे पितळेच्या लोट्याने पीत. माझा नक्षीचा गिलास दादी कोनाड्यात वेगळा ठेवत असे आणि मी गेले की पदराने धरून काढत असे. पाहुणी म्हणून आपला केवढा मान, असं मला वाटे. घरी मी हे कौतुकाने सांगितलं तेव्हा बाबा वर्तमानपत्राच्या आड गेले आणि आई म्हणाली, "हो, लई मान आहे तुया." त्यानंतरही कितीतरी महिने मी तो मान भोगत होते. इतकी हुशार मुलगी, हिंदीत पहिली यायची.

चाचांचा ट्रक चालवायचे नन्हे चाचा. नाव नन्हे, वय साठीला टेकलेलं, गालात सदा पान. त्यांचं गाव बख्शी का तालाबच्या पुढे, पण हंगामाचे तीन महिने मुक्काम ट्रकमध्येच. रज्जनला त्यांनी खांद्यावर खेळवलेला. मलिहाबाद सोडलं की काकोरीपर्यंत जो रिकामा रस्ता लागायचा, तिथे ते स्टीअरिंग रज्जनच्या हातात देत. लायसन नव्हतं, घरी कळलं असतं तर बब्बन चाचांनी दोघांची साल काढली असती. हे ठाऊक होतं फक्त गुड्डनला आणि मला, कारण एकदा बागेतून परतताना आम्ही दोघी पुढेच बसलो होतो. रज्जन गाडी चालवताना गाणं म्हणत होता, इतकं बेसूर की नन्हे चाचा म्हणाले, "बेटा, गाना हमको दे दो, गाड़ी तुम देखो." आम्ही हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडलो. उतरताना रज्जनने आमच्याकडून विद्येची शपथ घेतली की कुणाला सांगणार नाही. मी घेतली. विद्येवर माझा फार विश्वास होता.

जूनच्या एका दुपारी तो ट्रक कलंडला. पेट्या रज्जनच्या अंगावर आल्या. आंब्याच्या पेट्यांना खिळे असतात, आणि अशा दोनशे पेट्या. त्याला अंगणात आणून ठेवलं तेव्हा रक्त कुठलं आणि रस कुठला ते कळत नव्हतं, असं सगळे सांगत. माश्या दोन्हींवर सारख्याच बसत होत्या. नन्हे चाचांचा उजवा हात कोपरात मोडला होता. त्यांनी सगळ्यांना एकच सांगितलं, गाडी मी चालवत होतो, ब्रेक लागला नाही, बच्चा शेजारी झोपला होता. ब्रेकला कोण काय करणार. घरात आकांत होता, पण मारायला कुणी नव्हतं.

आणि मी? मी गेले नाही. भिंतीत भगदाड आहे, पलीकडे जिवाभावाची मैत्रीण जमिनीवर डोकं आपटते आहे, आणि मी दोन दिवस टेबलाशी बसून लिहीत होते. मराठीत सवय होती, पण हे हिंदीत बोलायचं, तेही लखनवी लोकांपुढे, म्हणजे शब्द तोलामोलाचे हवेत. 'असामयिक' घ्यावं की 'अकाल' यावर मी एक सकाळ घालवली. भिंतीपलीकडून गुड्डनचं ओरडणं ऐकू येत होतं. मी उठून खिडकी लावून घेतली, कारण लक्ष लागेना. हे वाक्य लिहिताना आत्ताही माझा हात त्या पोरीला एक थोबाडीत द्यायला शिवशिवतो. पण ती मीच, आणि या वयात आपल्याच गालावर मारलं तर दाताची कवळी निसटायची.

तिसऱ्या दिवशी गेले. अंगणात एका बाजूला बायका जमिनीवर, दुसऱ्या बाजूला पुरुष खाटांवर, आणि मध्ये ओटा. नन्हे चाचा प्लास्टर गळ्यात अडकवून पुरुषांच्या कडेला बसले होते. गुड्डन आईला टेकून होती, केस सुटलेले, कपाळावर टेंगूळ. तिने मला पाहिलं आणि ती उठायला लागली. माझ्याकडे यायला उठत होती. मी तिला हाताने खुणेनेच बसवलं, थांब म्हटलं, आणि ओट्यावर चढले.

"उपस्थित सज्जनों और माताओं," मी सुरू केलं.

बायकांचं रडणं थांबलं, आश्चर्यानेच. एक गृहस्थ कुठल्या खात्याची बाई आली आहे असं समजून खाटेवरून उठून उभे राहिले. मी बोलत गेले. कळी, वादळ, विझलेला दिवा, सगळं काढलं. आणि शेवटी नियमाप्रमाणे आठवणीवर आले. आवाज खाली आणला. सांगितलं, की स्वर्गीय रज्जन भैयाचं हृदय किती निर्मळ होतं, एकदा आम्ही ट्रकमधून येत होतो, नन्हे चाचांनी प्रेमाने स्टीअरिंग त्याच्या हाती दिलं होतं, तो गात होता आणि चाचा म्हणत होते, बेटा गाना हमको दे दो, गाड़ी तुम देखो.

अंगणात असं शांत झालं की यार्डातले डबे आपटलेले ऐकू आले. बब्बन चाचा हळूच म्हणाले, "क्या कहा बिटिया? फिर से कहना."

आणि मला, देवाशपथ म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण मला वाटलं की त्यांना ते फार आवडलं. मी पुन्हा सांगितलं. या वेळी नन्हे चाचांचा आवाजही काढून दाखवला, आणि वर जोडलं, की मलिहाबाद ते काकोरी रोजच रज्जन भैया चालवायचा, इतका त्याचा हात बसला होता.

बब्बन चाचा उठले. कोपऱ्यात फुटक्या पेट्यांच्या फळ्या रचल्या होत्या, त्यातली एक त्यांनी उचलली. पहिला फटका नन्हे चाचांच्या खांद्यावर बसला, दुसरा प्लास्टरवर. प्लास्टर फुटताना मातीचं मडकं फुटल्यासारखा आवाज येतो. "लाइसेंस था लड़के के पास? बोल, था?" प्रत्येक शब्दाला एक फळी. आणखी दोघे-तिघे धावले, मला वाटलं सोडवायला, पण तेही लाथा घालू लागले. तीन दिवस त्या पुरुषांना हातांचं काय करावं कळत नव्हतं. आता कळलं होतं. नन्हे चाचांनी चांगला हात डोक्यावरसुद्धा घेतला नाही. खाली पडून ते एवढंच म्हणत होते, "मारो भैया, मगर लड़के को कुछ मत कहना." दादी किंचाळत होती. खाट उलटी झाली. कुणाचा तरी दात माझ्या पायाशी येऊन पडला, तांबूस, पानाने रंगलेला. गुड्डन जागची हलली नाही. ती फक्त माझ्याकडे पाहत होती.

मी पळाले. पांढरं पातळ भगदाडाच्या विटांना अडकून टर्रकन फाटलं, एक चप्पल पलीकडेच राहिली.

शेजाऱ्यांनी नन्हे चाचांना कसंबसं सोडवून हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं, आणि तिथून त्यांच्या गावी पोचवलं. बब्बन चाचांनी गल्लीत उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, तेरहवीं होऊ द्या, मग त्याच्या गावात जाऊन हिशेब संपवतो. हे बाबा ऑफिसातून येताना ऐकून आले. मी न्हाणीत बसून रडत होते. बाबा मऊ माणूस, दाराबाहेरून म्हणाले, "शालू, मी तुला एक माफीचं पत्र ड्राफ्ट करून देतो. नीट कॉपी कर, पाठवून देऊ."

आई पोळ्या लाटत होती. "चिठ्ठी काहून?" ती म्हणाली. "भिंतीच्या पल्याड जाचं आहे, इंग्लंडात नाही." मग न्हाणीचं दार ढकलून लाटणं हातात तसंच ठेवून ती माझ्यापुढे उभी राहिली. "उद्या जाय. तोंड शिवून जाय. मारलं तर मार खाय. परवा पुन्हा जाय."

मागच्या महिन्यात नातीच्या मैत्रिणीचे वडील गेले. नात मोबाइल घेऊन माझ्याकडे आली, "आजी, कुछ अच्छा-सा बताओ ना, क्या लिखूँ? आप तो इतना अच्छा बोलती हो." मी म्हटलं, चप्पल घाल. ती म्हणाली, "मतलब?" मी म्हटलं, मतलब काही नाही, चप्पल घाल आणि जा.

आईने सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले. दार गुड्डननेच उघडलं. तिने माझी वेणी मनगटाभोवती गुंडाळली आणि अंगणातून मला फरफटत अढीच्या खोलीत नेलं. आत तीन-चार दिवस कुणी फिरकलं नव्हतं. आंबे पिकून फुटले होते, पेंढा तापलेला, माश्यांचा नुसता गजर. तिने दार लावलं आणि आंबे उचलून मला मारायला सुरुवात केली. वाचणाऱ्याला हसू येईल, मलाही लिहिताना येतं, पण दीड हातावरून पूर्ण ताकदीने मारलेला आंबा कानावर बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. ओले आंबे संपले तशी तिने खालच्या थरातले कच्चे, दगडासारखे काढले. "बोल ना अब," ती म्हणत होती, "दे भाषण. सज्जनों और माताओं. बोल." मी बोलले नाही. जन्मात पहिल्यांदा. मग तिने मला लाथ मारून पाडलं, छातीवर बसली आणि दोन्ही मुठींनी मारत मारत सांगितलं, की तिला सगळं माहीत होतं. तिरडी बांधत असताना नन्हे चाचा तिच्या कानात म्हणाले होते, बिटिया, मी सांगतो मी चालवत होतो, लोकांनी असं म्हणायला नको की पोरगा आपल्या हाताने मेला. ती कबूल झाली होती. एका मोडक्या हाताच्या म्हाताऱ्याने मेलेल्या पोराचं नाव झाकून धरलं होतं, आणि ते झाकण मी टाळ्यांसाठी उचललं होतं.

घरी गेले तेव्हा आईने माझ्याकडे पाहिलं आणि न्हाणीत पाणी काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. ती पुन्हा मारायला उठली. असं रोज. येणारे बाकीचे लोक गुड्डनला सांगत, हिंमत रखो, माँ को संभालो, रोने से लौट आएगा क्या. ती मान हलवायची, पदर सारखा करायची, आणि मी आले की माझा दंड धरून खोलीत न्यायची. कधी चावायची. एकदा आंबे उतरवायचा बांबू पाठीवर. मारून झालं की तिथेच पेंढ्यावर मेल्यासारखी झोपायची, रज्जन गेल्यापासून तिला दुसरीकडे कुठे झोपच लागत नव्हती, आणि मी शेजारी बसून तिच्या तोंडावरच्या माश्या वारायचे. शूरपणाचा यात काही भाग नव्हता. मी घाबरतच जायचे. पण मागे आई लाटणं घेऊन उभी होती.

सहाव्या की सातव्या दिवशी मी येऊन बसले तेव्हा दादीने सवयीने कोनाड्यातला गिलास काढला. गुड्डनने तो तिच्या हातातून हिसकावला आणि माझ्यावर भिरकावला. माझी भुवई फाटली, गिलासाचा चुरा झाला. रक्त डोळ्यात उतरलं. दादी म्हणाली, "हाय, अब इसको पानी काहे में देंगे?" चाची तोवर एक शब्द बोलली नव्हती, रज्जन गेल्यापासून नाहीच. ती उठली, माझी भुवई धुतली, आणि त्याच लोट्यात पाणी भरून माझ्या तोंडाला लावलं. मी प्याले. दादी भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या घरात कोण कशातून पाणी पितं हे मला त्या क्षणी उमगलं, आणि आपण किती महिने मान भोगत होतो तेही. पण तो दिवस माझ्या रागाचा नव्हता, म्हणून मी तो राग नंतरसाठी ठेवला. पुढे तो मला पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडला.

तेराव्या दिवशी पूरी, कद्दू की सब्जी, दही. मोठी कढई अंगणात लावली होती आणि चाची स्वतः पुऱ्या तळत होती. माणसं जेवून गेली. ऊन अजून डोक्यावर असतानाच बब्बन चाचांनी दारात जीप आणली आणि तिच्यात लाठ्या टाकल्या, पाच लाठ्या, पाच माणसं. ठेकेदार चाचा खाटेवर खाली मान घालून बसले होते. हो म्हणत नव्हते, नको म्हणत नव्हते. सगळ्यांना माहीत होतं ही माणसं कुठे निघाली आणि तिथे खाटेवर पडलेला म्हातारा एकच आहे, उजव्या हाताने निकामी.

गुड्डन दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, "नन्हे चाचा मना करते थे. हर बार मना करते थे. मैं ज़िद करती थी कि भैया को चलाने दो. मैं गाड़ी में बैठ के ताली बजाती थी. पहले मुझे मारो." यातलं काही खरं नव्हतं, आणि ते तिथे फक्त मलाच ठाऊक होतं.

बब्बन चाचांनी तिच्या मुस्काटात मारली. ती दाराच्या चौकटीवर आपटली आणि पुन्हा त्याच जागी येऊन उभी राहिली. नाकातून रक्त येत होतं, ते तिने पुसलंही नाही. त्यांनी दुसरी मारली. ती पुन्हा तिथेच. मग त्यांनी लाठी उचलली. इथे मी पुढे झाले आणि तो वार झेलला असं लिहायला मला फार आवडलं असतं. खरं हे की मी पळायला वळत होते, गुड्डनने माझा हात धरला, आणि लाठी आली ती तिच्या डोक्याऐवजी आमच्या धरलेल्या हातांवर. माझी करंगळी तेव्हापासून वाकडी आहे. तिचं मनगट.

आणि तेवढ्यात चाची आली. हातात पुऱ्यांचा झारा, त्यातून उकळतं तेल ठिबकत होतं. तिने तो सरळ दिराच्या मनगटावर मारला. लाठी पडली. दुसरा मानेवर. कातडी चरचरल्याचा वास आला. बब्बन चाचा गुरासारखे ओरडले आणि ती त्यांच्याहून वरच्या आवाजात, तेरा दिवसांत पहिल्यांदा बोलली, "एक तो गया मेरा. अब गिनती बढ़ाने जा रहे हो? जाओ. मेरे ऊपर से गाड़ी ले जाओ." आणि ती जीपच्या चाकापुढे बसली, झारा मांडीवर घेऊन.

ठेकेदार चाचा उठले. सावकाश चालत आले, जीपची किल्ली काढली आणि कमरेला खोचली. बस. बाकीचे चौघे एकमेकांकडे बघत पांगले. बब्बन चाचा भाजलेला हात पोटाशी धरून उभे होते. मग तो दाराएवढा माणूस जीपच्या बॉनेटवर कपाळ आपटायला लागला, "रज्जन, रज्जन," आणि पत्र्याला पोचे पडेपर्यंत कुणाला त्यांना थांबवता आलं नाही.

त्या गावाला कुणी गेलं नाही. नन्हे चाचा पुढे बरीच वर्षं जगले. उजवा हात कधी सरळ झाला नाही, ट्रक पुन्हा चालवला नाही. गावच्या रस्त्याला पंक्चरच्या दुकानात बसायचे आणि डाव्या हाताने काम करायचे. मी आणि गुड्डन महिन्याभराने बसने त्यांना भेटायला गेलो होतो. मी माफी मागितली, तीन शब्दांत, त्यांनी मान हलवली आणि आम्हाला शेंगदाणे दिले. माफ केलं की नाही ते मला आजही माहीत नाही. विचारायची सोय नव्हती, आणि तो हात समोरच होता.

पण मला सांगायची आहे ती तेराव्या दिवसाची संध्याकाळ. चाचीने आमच्या दोघींच्या हातांवर हळद-चुन्याचा लेप घालून चिंध्या बांधल्या. पाहुणे पांगले होते, भाड्याने आणलेली भांडी परत गेली होती. तेरावं झालं की लोकांचं येणं संपतं, रीतच ती. दुसऱ्या दिवसापासून त्या दाराची कडी कुणी वाजवणार नव्हतं. मी निघाले. गुड्डन कधी माझ्याबरोबर यायची नाही, त्या दिवशी आली. भगदाडापर्यंत दोघी चालत आलो. तिचं नाक सुजलेलं, माझी भुवई शिवलेली, पलीकडे यार्डात डबे आपटत होते. मी वाकून पलीकडे पाय टाकला तेव्हा तिने मागून माझी वेणी धरली. ओढली नाही, नुसती धरली. आणि म्हणाली,

"कल फिर आना. अभी पूरा नहीं मारा मैंने तुझे."